मानपत्रात त्याग नको, काम लिहा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक बैठक झाली. येत्या 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, विशेष गरजा असणाऱ्या मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षकांचा आणि मदतनिसांचा जाहीर सत्कार करायचा की नाही, एवढाच विषय होता. जिल्हा परिषदेच्या शाळांतून 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे मानपत्राचा मजकूर माझ्याकडे सोपवायचं आधीच ठरलं होतं. बैठक दोन तास चालली आणि आवाज चढत गेले. एकजण म्हणाले, "देवमाणसं आहेत ती. अशा मुलांना सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही. सत्कार झालाच पाहिजे." त्यावर लगेच उत्तर आलं, "शाल-श्रीफळानं कुणाची चूल पेटत नाही. आधी त्यांना कायम करा, मग हार घाला." मागच्या रांगेतून एक तरुण गुरुजी उठले, "आणि आम्ही? दोनशिक्षकी शाळेत चार-चार वर्ग एकत्र घेतो, त्याचं काय?" तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण ही माणसं सोमवार ते शनिवार नेमकं करतात काय, हे त्या दोन तासांत एकानेही सांगितलं नाही.

माझं मत मी बैठकीत मांडलं, तेच इथे मांडते. सत्कार व्हायला हवा, आणि तो कायम नेमणुकीची वाट न बघता व्हायला हवा. मात्र तो कामाचा व्हावा, त्यागाचा होऊ नये. मानपत्रात करुणा, सेवा, समर्पण हे शब्द जितके कमी आणि केलेल्या कामाचा तपशील जितका जास्त, तितका त्या सन्मानाला अर्थ. हा नुसता शब्दांचा वाद आहे असं कुणाला वाटेल. मला वाटत नाही. आपण सत्कार कशाचा करतो, त्यावरून त्या माणसाला पुढे काय द्यायचं हे ठरतं. त्यागाचा सत्कार केला की देणं संपतं, कारण त्यागाला मोबदला नसतो. कौशल्याचा सत्कार केला की देणं सुरू होतं.

आधी कायम करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. समग्र शिक्षा योजनेत आणि त्याआधीच्या सर्व शिक्षा अभियानात आपल्याकडे विशेष शिक्षक आले ते करारावर. वर्षानुवर्षं करार संपायचा, मध्ये खंड पडायचा, पुन्हा नवा आदेश यायचा. या कोकणात मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत अशी माणसं आहेत, ज्यांचे केस या कामात पिकले, पण दर वेळी आदेशाचा कागद हातात पडेपर्यंत आपण पुढच्या महिन्यात नोकरीत असू की नाही हे त्यांना ठाऊक नसायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पहिली ते पाचवीच्या दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. 2025 च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा राज्यांना बजावावं लागलं, की मंजूर पदं जाहीर करा आणि भरा. मधल्या काळात, 2024 मध्ये, महाराष्ट्राने दर केंद्रामागे एक या हिशोबाने 4,860 पदांचा निर्णय घेतला. निर्णय मोठा आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. आणि आमच्याकडे केंद्र म्हणजे मध्ये एक खाडी, दोन सडे (कातळाची उघडी पठारं), पावसाळ्यात बुडणारे साकव आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी. एका माणसाने त्या सगळ्या शाळा कशा सांभाळायच्या?

सत्कार म्हणजे देणं चुकवण्याची सोय होऊ शकते, हेही खरं आहे. आपण ते डोळ्यांदेखत पाहिलं आहे. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी साऱ्या देशाने थाळ्या वाजवल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा सेविकांचा जागतिक पातळीवर गौरव केला. एवढा मान मिळूनही आशाताईंना मिळतं ते मानधनच, वेतन नाही. या एका शब्दाकडे जरा थांबून बघावं. पगार म्हटलं की हक्क आला, वेळ आली, थकबाकी आली. मानधन म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. मान आणि धन हे दोन शब्द जोडून आपण असा शब्द केला, ज्यात दोन्ही पुरेसं नसतं. तेव्हा आधी कायम करा म्हणणाऱ्यांचा संशय जागेवर आहे, आणि तो मी मनापासून मान्य करते.

पण त्यावरून सत्कारच नको, हा निष्कर्ष मला मान्य नाही. पदं इतकी वर्षं का भरली गेली नाहीत? पैसा नव्हता हे एक उत्तर. दुसरं उत्तर जास्त खोल आहे: ही पदं नसल्याने काय बिघडतं हे लोकांना माहीतच नव्हतं. गावात गणिताचा शिक्षक नसला तर ग्रामसभेत आरडाओरडा होतो, पालक शाळेला कुलूप ठोकतात. विशेष शिक्षक वर्षभर आला नाही तर कोण ओरडतं? एक आई, जिला बोलायची सवय नाही. ज्या कामाचं नाव गावाला घेता येत नाही, त्यासाठी गाव भांडणार कसं? लोकांनी मागणी करायची तर आधी त्यांना काम दिसावं लागेल, आणि जाहीर सत्काराइतकी गाव गोळा करणारी दुसरी जागा आपल्याकडे फारशी नाही. ती संधी करुणेच्या चार वाक्यांत घालवायची का?

काम दिसणं म्हणजे काय, ते मी पाहिलेल्या एका मुलावरून सांगते. माझ्याकडे तिसरीत एक मुलगा होता. सेरेब्रल पाल्सी. उजवा हात आखडलेला, पाय ओढत चालायचा, बोलणं सवयीनेच समजायचं. डोकं तल्लख. आमच्या शाळेत मंगळवारी विशेष शिक्षिका यायच्या. एसटीतून उतरून चिऱ्याच्या पाखाडीने खाली, पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवरून चपला हातात घेऊन. पहिल्या मंगळवारी त्यांनी मुलाला काही शिकवलं नाही. मागच्या बाकावर बसून नुसतं बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "बाई, हा पाणी कधी पितो?" मला सांगता येईना. त्यांनी त्याच्या दप्तरातली बाटली काढून दाखवली. सकाळी आईने भरून दिलेली, तशीच भरलेली. मे महिन्याला टेकलेला एप्रिल होता, अंगातून घामाच्या धारा लागत होत्या, आणि तो मुलगा साडेदहापासून पाचपर्यंत घोटभर पाणी पीत नव्हता. का? कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि त्याला हाफपँटचं बटण एका हाताने काढता येत नव्हतं. दोनदा पँट ओली झाली होती, मुलं हसली होती. त्यानंतर त्याने स्वतःच उपाय शोधला होता. मी त्याची वर्गशिक्षिका. रोज त्याच्यासमोर उभी राहणारी. मला हे दिसलं नव्हतं.

मग त्या बाईंनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी बटण काढण्याच्या कृतीचे सहा तुकडे पाडले. आणि शिकवायला सुरुवात केली ती शेवटच्या तुकड्यापासून. मुलाच्या मागे बसायच्या, समोर नाही, म्हणजे त्यांच्या हातांची आणि त्याच्या हातांची दिशा एक राहील. बटण काजातून जवळजवळ बाहेर काढून द्यायच्या आणि उरलेला कपडा त्याने फक्त बाजूला ओढायचा. एवढंच. पण ते झालं की बटण निघालेलं असायचं, म्हणजे काम त्याच्या हातून पुरं झालेलं असायचं. पहिल्या दिवशीपासून त्याला जमलं, ही भावना त्याच्या हाताला मिळाली. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचा तुकडा. आधी मांडीवर ठेवलेल्या जुन्या कापडावर मोठं बटण, मग पँटवरचं. मंगळवारी त्या करायच्या, बाकीचे पाच दिवस मी करायचं, घरी आईने करायचं, आणि तिघींनी अगदी एकाच पद्धतीने करायचं. मी एकदा घाईत पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली, तर पुढच्या मंगळवारी त्यांनी मला शांतपणे पण स्पष्ट सांगितलं, "बाई, तुम्ही क्रम बदललात, तो दोन पायऱ्या मागे गेला." त्यांच्या वहीत ते लिहिलेलं होतं. तारीख, तुकडा, किती वेळा मदतीने, किती वेळा मदतीशिवाय.

ही माया आहे का? माया होतीच. आईचीही होती, माझीही होती. मायेने बटण निघालं नाही. बटण निघालं ते एका रीतीने, जी कुणीतरी शोधली, कुणीतरी शिकवली, या बाईंनी शिकून घेतली आणि एका पोराच्या आखडलेल्या हाताला बसेल अशी बेतली. विशेष शिक्षकाला दोन वर्षांची वेगळी पदविका किंवा पदवी लागते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी ठरावीक वर्षांनी नवी करताना मधल्या काळात प्रशिक्षणं घेतल्याचा हिशोब द्यावा लागतो. आम्हा साध्या शिक्षकांना एकदा डी.एड. झाल्यावर असा हिशोब कुणी मागितला नाही. शिवाय त्यांचं शिक्षण बहुधा एका प्रकारातलं असतं: कुणी कर्णबधिर मुलांसाठी शिकलेलं, कुणी दृष्टिहीन, कुणी बौद्धिक अक्षमता असलेल्या. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले. कायदा योग्यच आहे. पण ब्रेल शिकलेला माणूस वाडीवर पोचतो तेव्हा समोर स्वमग्न मूल असतं, आणि पुढच्या वाडीवर ऐकू न येणारं. उरलेलं सगळं त्याला स्वतः वाचून, विचारून, चुकत शिकावं लागतं. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, म्हणजे प्रत्येक अक्षर मनात आरशासारखं फिरवायचं. हे सहा टिंबांचं गणित पाचवीच्या मुलाच्या बोटांत उतरवणाऱ्याला आपण नुसतं सोशिक म्हणतो!

आपल्या कोकणापुरती गोष्ट सांगायची तर श्रवणयंत्राचं उदाहरण घ्या. शिबिरात यंत्र मिळतं, फोटो निघतो, टाळ्या पडतात. जूनमध्ये पाऊस लागतो. हवेत इतकी ओल, की कपाटातल्या वह्यांना बुरशी येते. यंत्रात दमटपणा शिरतो, आवाज खरखरतो, मूल ते कानातून काढून टाकतं आणि घरचे म्हणतात, "त्याला सोसत नाही." मी एका गुरुजींना घरोघरी प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे वाटताना पाहिलं आहे. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रात्री यंत्र यात ठेवायचं, सेल काढून, असं आईला तीन-तीनदा करायला लावायचे. यंत्राचं अनुदान सरकारी खात्यात दिसतं. त्या डब्याची नोंद कुठेच नाही, आणि त्या डब्यावर मुलाचं ऐकणं अवलंबून आहे.

नोंद नसणं, हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा तोटा आहे. अ‍ॅन सलिव्हन 3 मार्च 1887 ला अमेरिकेतल्या टस्कम्बिया गावी हेलन केलरला शिकवायला गेली आणि महिनाभरात पंपाच्या धारेखाली हात धरून 'पाणी' हा शब्द तिच्या तळव्यावर लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पोरांनाही ठाऊक असते. ती आपण चमत्कार म्हणून सांगतो. पण त्यामागची गोष्ट कोण सांगतं? बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत 1837 सालापासून लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीला सॅम्युएल हाऊ यांनी कसं शिकवलं, याचे तपशीलवार अहवाल लिहून ठेवले होते. वीस वर्षांची अ‍ॅन निघण्याआधी काही महिने ते अहवाल वाचत बसली होती. त्या पंपाच्या धारेमागे पन्नास वर्षांची लिखापढी होती. एकाने केलेलं दुसऱ्यासाठी लिहून ठेवलं, म्हणून तिसरीचं आयुष्य बदललं. आमच्या त्या बाईंची वही आज कुठे आहे? करार संपला, त्यांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली, वही त्यांच्याबरोबर गेली. त्या पाखाडीवर आज तसाच दुसरा मुलगा आला, तर नव्या माणसाने पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. म्हणून मी म्हणते, मानपत्र हा आमच्याकडचा पहिला अहवाल होऊ द्या. चार ओळींचा असेना.

आता देवमाणूस या शब्दाकडे येते. या शब्दावर दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचा फार रास्त आक्षेप आहे, आणि आमच्या बैठकीत तो मांडायला एकही दिव्यांग व्यक्ती बोलावलेली नव्हती, याची मला आजही लाज वाटते. आक्षेप असा: शिकवणाऱ्याला जितकं वर चढवाल, तितकं शिकणाऱ्याला खाली ढकलाल. "अशा मुलांना" शिकवणं म्हणजे पुण्यकर्म असेल, तर ती मुलं म्हणजे काय झाली? ओझं. शाळेत जाणं हा त्यांचा हक्क आहे. 2016 चा कायदा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो, तोही जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. हक्क पुरा करणाऱ्याला पुण्य लागत नाही.

मी अशा एका कार्यक्रमाला हजर होते. व्यासपीठाला उतार नव्हता, चार उंच पायऱ्या. एका विशेष शिक्षिकेचा सत्कार होता आणि "त्यांच्या मुलांपैकी" एका मुलीला फोटोसाठी वर बोलावलं. तिची व्हीलचेअर वर जाईना. दोघांनी तिला काखेत धरून उचललं, फ्रॉक वर सरकला, ती तो एका हाताने खाली ओढत होती. निवेदक माइकवर म्हणत होते, या निरागस कळ्यांना फुलवणारे हात. शिक्षिका धावत गेल्या आणि त्यांनी आपली सत्काराची शाल त्या मुलीच्या पायांवर टाकली. त्या सभागृहात एका उताराची गरज होती आणि ते ओळखणारी एकच व्यक्ती तिथे होती. तिला आम्ही कार्यक्रमाच्या आखणीत विचारलंच नव्हतं.

म्हणून हक्कवाल्यांचा आक्षेप मी शंभर टक्के मानते, आणि त्यावरून त्यांच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी पोचते. वेगळा सत्कार नको, असं ते म्हणतात. मी म्हणते, सत्काराची भाषा बदला. "त्यांनी दिव्यांग मुलांना माया दिली" म्हटलं की मूल घेणारं होतं, हात पसरलेलं. "त्यांनी दहावीच्या तीन विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळवून दिला" म्हटलं की मूल परीक्षार्थी होतं, आपल्या हक्काचं घेणारं. मराठी तीच, मुलाची जागा बदलली. शिक्षकाच्या कौशल्याचं वर्णन करताना विद्यार्थ्याने काय केलं हे सांगावंच लागतं. त्यागाच्या वर्णनात विद्यार्थी लागतच नाही.

लेखनिक मिळवायला लागणाऱ्या कागदावरून मला आमच्याच किनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट आठवते. दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा 1875 च्या सुमारास परीक्षेसाठी सह्याद्री चढून, शंभराहून जास्त मैल पायी साताऱ्याला गेला. वय पुरं होतं, पण अंगकाठी लहान. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे बघून ठरवलं, की हा सतरा वर्षांचा दिसत नाही, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. अंगाकडे बघून दारातून परत पाठवणं कोकणी मुलांना नवं नाही. फरक इतकाच, की त्या दारात कर्व्यांच्या बाजूने कागद घेऊन उभं राहणारं कुणी नव्हतं. आज जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राच्या रांगेत, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या खिडकीशी, परीक्षा केंद्राच्या दारात मुलाच्या बाजूने कागद घेऊन उभा असतो तो बहुतेक वेळा विशेष शिक्षक. आणि कर्व्यांचं पुढे काय झालं? 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडने बहिष्कार घातला. 1958 मध्ये देशाने भारतरत्न दिलं. आधी वाळीत टाकायचं आणि पासष्ट वर्षांनी गळ्यात हार घालायचा, ही सवय आपण किती पिढ्या चालवणार?

त्या तरुण गुरुजींचा प्रश्न मी विसरलेले नाही: आणि आम्ही? त्यांचा राग मला परका नाही. मीही चार वर्ग एकत्र घेतले, मतदार याद्या केल्या, पोषण आहाराचा तांदूळ मोजला. सुरुवातीला मंगळवार आला की मला अडचणच वाटायची. पाठ अर्धा राहायचा, मुलं मागे वळून बघायची. पण बटणाच्या गोष्टीने मला शिकवलं, की त्या बाई माझ्या वर्गात पाहुण्या नव्हत्या. आठवड्यातले पाच दिवस ते काम माझंच होतं. सत्कारात माझा वाटा आहेच, आणि तो नेमका सांगता येतो: पाच दिवस क्रम न मोडता केलं. ज्या शाळेत विशेष शिक्षकाचं काम यशस्वी झालं, तिथल्या वर्गशिक्षकाचं नाव त्याच मानपत्रात यावं. सगळ्यांचा सत्कार करा, म्हणजे कुणाचाच करू नका, या टोकाला मात्र जायचं नाही. "सगळेच राबतात" हे खरं असलं, तरी तेवढं म्हणून थांबलं की प्रत्येकाचं काम सारखंच धूसर राहतं.

मदतनिसांचं तर कुणी नावच काढत नाही. निवासी विशेष शाळेतल्या काळजीवाहक बायका, ज्या रात्री दोनला उठून झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवतात, तोंडात काही घालत नाहीत, घड्याळाकडे बघून किती मिनिटं झटका राहिला ते लक्षात ठेवतात आणि सकाळी डॉक्टरांना सांगतात. स्वयंपाकीण, जी गिळता न येणाऱ्या दोघांसाठी पेज वेगळी आणि घट्ट ठेवते. रिक्षावाला, जो मुलीला रिक्षात बसवण्याआधी "उचलू का?" असं तिलाच विचारतो. विशेष शाळा 2022 साली वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या हाताखाली, फिरते विशेष शिक्षक शालेय शिक्षण विभागाकडे, आणि रिक्षावाला कुणाकडेच नाही. पुरस्काराच्या याद्या विभागाप्रमाणे होतात. मुलाचा दिवस मात्र या सगळ्यांच्या हातांतून जातो.

यादी करायची कशी? आजची पद्धत अशी, की ज्याला पुरस्कार हवा त्याने प्रस्ताव करायचा. फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं, रंगीत फाइल. ज्याला फाइल करायला वेळ आहे त्याची फाइल जाड होते. आमच्या त्या बाईंकडे फाइल नव्हती, वही होती. माझी सूचना साधी आहे. प्रस्ताव मागवूच नका. पालकांना विचारा, मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांना विचारा: कुणामुळे काय करता यायला लागलं? खुणांनी सांगतील, चित्रं दाखवतील, आई सांगेल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते वाचून दाखवा. कुणाचं नाव आलं नाही तर कारण शोधा. कदाचित त्या केंद्रात माणूसच नेमलेला नसेल, आणि मग सत्काराच्या कार्यक्रमातच ते रिकामं पद जाहीर वाचा. आधी कायम करा म्हणणाऱ्यांना याहून चांगलं व्यासपीठ कुठे मिळेल?

मान म्हणजे काय, हे कोकणाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. शिमग्याला पालखी निघते तेव्हा कुणाचा खांदा आधी, कुणाच्या दारात नारळ, कुणी गाऱ्हाणं घालायचं, हे ठरलेलं असतं. तळकोकणात बारा-पाच मानकरी म्हणतात. मानकऱ्याला त्याचा मान कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. तो त्याच्या कामाशी बांधलेला असतो, त्याच्याशिवाय पालखी हलत नाही, आणि डावललं तर तो गावासमोर उभा राहून विचारू शकतो. मी मागते तो हा मान. शाळेची नवी इमारत, नवं स्वच्छतागृह, सहलीचा बेत, व्यासपीठाच्या पायऱ्या ठरवताना विशेष शिक्षकाला विचारल्याशिवाय ठराव पुढे जाऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याची खुर्ची असावी. शाल एका दिवसाची, खुर्ची वर्षभराची. दोन्ही द्या. शाल देताना खुर्चीची घोषणा करा.

बैठकीनंतर मी मानपत्राचा मसुदा लिहून दिला. चार दिवसांनी तो परत आला. सोबत निरोप होता: "बाई, फार कोरडं झालंय. जरा भावनिक करा. बटण, पाण्याची बाटली वगैरे मानपत्रात शोभत नाही." मी विचार केला, पुन्हा वाचलं, आणि एक काना-मात्रा न बदलता तोच कागद परत पाठवला. त्यातला त्या बाईंबद्दलचा मजकूर असा आहे:

"आपण एप्रिल महिन्यात एका विद्यार्थ्याची भरलेली पाण्याची बाटली पाहिलीत. तो शाळेत पाणी पीत नाही आणि का पीत नाही, हे आपण एका दिवसात ओळखलंत. बटण काढण्याच्या कृतीचे आपण सहा भाग केले, शेवटच्या भागापासून शिकवलं, त्याच्या आईला आणि वर्गशिक्षिकेला तीच रीत शिकवली, आणि प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली. मेच्या सुट्टीत आईने क्रम मोडला नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विद्यार्थ्याने कुणाच्याही मदतीशिवाय बटण काढलं. त्या दिवशी बाटली रिकामी घरी गेली."